दुपारची राखण

सहा वर्षांत वृषालीला एकही स्वप्न पडलं नव्हतं, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. पडलेलं स्वप्न माणूस सकाळी आठवून सांगतो. न पडलेल्याची आठवण कोण ठेवणार? डॉक्टर कल्याणी हुद्दार यांनी कागदावरचा नववा प्रश्न म्हणून ते विचारलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघू लागली.

"शेवटचं आठवतंय ते," ती म्हणाली, "आमच्या यांना कंपवात व्हायच्या आधीचं."

हेमंत सुतार हे नाव मिरजेतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ओळखीचं होतं. तो पेट्यांचे सूर लावायचा. पितळी सुराची जीभ कानशीने केसभर खरवडायची, कान लावून ऐकायचं, पुन्हा खरवडायचं, असा त्याचा दिवस जायचा. मग उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. पुढे पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होऊ लागलं, आवाज बारीक होत होत कुजबुजीएवढा उरला आणि तोल जाऊ लागला. दोनदा तो पलंगावरून उठताना पडला. दुसऱ्या वेळी वृषाली आंघोळीला गेली होती. त्या दिवसापासून ती झोपली तरी अर्धीच झोपायची. शेजारच्या खोलीत चमचा सरकला तरी उठून बसायची.

अर्धीच झोपते, हे हुद्दारबाईंच्या मते शब्दशः खरं होतं. २०४१ सालच्या चैत्रात एका शाळेच्या सभागृहात तीस-पस्तीस बायका आणि चार पुरुषांपुढे त्यांनी ते समजावून सांगितलं. परक्या घरी पहिल्या दिवशी झोप नीट लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. त्या दिवशी मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा पहाऱ्यावर राहतो. डॉल्फिन जन्मभर असेच झोपतात, आलटून पालटून एकेका बाजूने. माणसाचा हा पहारा एक-दोन दिवसांत उठतो. पण घरच्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांच्या मेंदूचे आलेख काढले, तेव्हा दिसलं की त्यांचा पहारा उठतच नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या उशीवर डोकं ठेवूनही ही माणसं रोज परक्या जागी झोपत असतात.

"मग आजारी माणूस पडलं की घंटा वाजवणारं यंत्र लावा की," मागून एकजण म्हणाली.

"लावून बघितलं," हुद्दारबाई म्हणाल्या. "यंत्र चोख होतं. पण मेंदू यंत्राच्या भरवशावर झोपायला तयार नाही. त्याला माणूस लागतं."

त्यांनी टेबलावरून कापडाचा एक मऊ पट्टा उचलून दाखवला. कपाळाभोवती बांधायचा. असे दोन पट्टे, दोन घरांत, दोन माणसांना. एकाने झोपायचं, दुसऱ्याने त्याच्या घराची राखण करायची. आजाऱ्याच्या खोलीतला प्रत्येक आवाज तिथे लावलेल्या ध्वनिवाहकातून राखणाऱ्याच्या कानाशी येणार, आणि गरज पडली तर राखणाऱ्याने बटण दाबून झोपणाऱ्याला उठवायचं. राखणारा मन लावून ऐकत असला की त्याच्या मेंदूत जी लय उठते, ती पट्टा पकडणार आणि झोपणाऱ्याच्या कानामागे पिसासारख्या हलक्या स्पर्शाने पोचवणार. घरात भांडं पडलं की झोपणाऱ्याच्या कानाला ते ऐकू जातंच. त्याच क्षणी कानामागचा स्पर्शही दचकला, तर मेंदूला कळतं की कुणीतरी जागं आहे आणि ऐकतं आहे. मग तो आपला पहारा उठवतो.

"आम्ही लबाडी करून पाहिली," बाई हसल्या. "आधी नोंदवून ठेवलेली लय सोडली. चार मिनिटांत सगळे जागे. अनोळखी माणसाची लयही चालत नाही. म्हणून रोज आधी पाव तास दोघींनी एकमेकींशी बोलायचं. औषधाचा अर्धा भाग तोच आहे असं समजा."

उपक्रमाचं नाव राखण. त्यात येणारे सगळे घरी कुणाची ना कुणाची सेवा करणारे. वृषालीची जोडी लागली वेंगुर्ल्याच्या शुभदा तुळसकरशी.

"मी शुभदा," पहिल्या दिवशी पडद्यावर एक सावळा, चष्मा लावलेला चेहरा म्हणाला. "माझा थोरला भाऊ आहे, बाळदादा. वयाने चौसष्ट, मनाने सहा. फिट्स येतात. आई गेली तेव्हापासून मीच. तुझं काय गो?"

वृषालीने सांगायला सुरुवात केली. पाव तासाचा पाऊण तास झाला. इतरांना सांगताना तिला आधी प्रस्तावना करावी लागायची, मग समोरच्याच्या चेहऱ्यावरची दया सोसावी लागायची. शुभदा मध्येच म्हणाली, "पाठीला वळ उठतात का त्यांच्या? चादरीला सुरकुती नको, एवढंच बघ," आणि वृषालीला एकदम मोकळं वाटलं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी दोन ते चार वृषालीची झोप. मंगळवार, गुरुवार, शनिवार शुभदाची. पहिले तीन आठवडे काहीच घडलं नाही. चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी वृषाली आडवी झाली, कानामागे काहीतरी हळूच हलत होतं, दूर कुणी पदर सावरून बसावं तसं. आणि मग ती कृष्णेच्या कोरड्या पात्रात उभी होती. पांढरी वाळू, वर पांढरं आभाळ. वाळूत पेटीच्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या, काळ्या आणि पांढऱ्या, पार पलीकडच्या काठापर्यंत. ती अनवाणी एकेका पट्टीवर पाय ठेवत चालली. आवाज होत नव्हता, पण प्रत्येक पावलाला तळव्याखाली थोडंसं थरथरत होतं, आणि तिला कशाचीच घाई नव्हती.

जागी झाली तेव्हा भिंतीवरचं ऊन कपाटाकडे सरकलं होतं. पलीकडे हेमंत शांत पडून होता.

"घोरलीस," तो म्हणाला.

राखण करण्याच्या दुपारी तर आणखी वेगळ्या. वृषाली खुर्चीत बसून डोळे मिटायची आणि मिरज मावळून जायची. वेंगुर्ल्याचं ते घर तिने कधी पाहिलं नव्हतं, पण हळूहळू ते तिच्या कानांत उभं राहिलं. पंखा फिरताना बारीक टकटक करायचा. मागच्या परसात भारद्वाज खोल आवाजात घुमायचा. फार दूर, श्वासाच्याही पलीकडे, समुद्राची गाज होती. आणि मधोमध बाळदादाचा श्वास, नाकातून येणारा, किंचित गुणगुणणारा. झोपेत तो कधी "शुबू" म्हणायचा. वृषाली मनात म्हणायची, आहे रे, इथेच आहे. तिला कधी कधी वाटायचं, आपण दोन घरांत राहतो, एक डोळ्यांचं आणि एक कानांचं; आणि कानांच्या घरात उजेड जास्त आहे.

हेमंतला हे आवडत नव्हतं.

"आज कुणाच्या घरी आहेस?" तो विचारायचा. बोलणं अस्पष्ट झालं होतं, पण टोमणा नीट कळायचा. परक्या बाईने आपला खोकला, आपलं कूस बदलणं ऐकत बसावं, याची त्याला लाज वाटायची. त्याच्या मते त्याच्याकडे राखून ठेवावी अशी एवढीच गोष्ट उरली होती. एका शुक्रवारी त्याने थरथरत्या हाताने स्टूलवरचा पेला मुद्दाम ढकलला. भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून हलकेच शुभदाचा आवाज आला, "भावोजी, पेला पडला की पाडला?"

हेमंतने मान वळवून स्पीकरकडे पाहिलं.

"पाडला असेल तर राहू दे. तिला अजून वीस मिनिटं झोपू दे."

वृषाली उठली तेव्हा जमिनीवर पाणी होतं आणि हेमंतच्या चेहऱ्यावर गुन्हा पकडला गेल्यासारखा भाव. त्याने स्वतःच तिला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "कान बरा आहे तिचा."

असे आठ महिने गेले. वृषालीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट झाली. तिने फाटलेले पडदे बदलले, खिडकीत गवती चहा लावला. हेमंतला जेवण भरवताना ती पुन्हा गाणं गुणगुणू लागली, आणि सूर चुकला की तो भुवई वर करायचा.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी, तीनला पाच-सात मिनिटं कमी असताना, बाळदादाच्या श्वासातली गुणगुण थांबली. श्वास चालू होता, पण गुणगुण नव्हती. मग एक लांब विराम. मग श्वास. असं त्याचं अधूनमधून व्हायचं. शुभदा जेमतेम तासाभरापूर्वी झोपली होती. वृषाली थांबली. एक श्वास, दोन, तीन. चौथा आलाच नाही असं वाटेपर्यंत लांबला आणि अगदी वरवर आला. तिने बटण दाबलं.

पुढचं सगळं तिला ऐकू आलं. शुभदाची धावती पावलं, पलंगाची करकर, "दादा, मी आलेय रे," आणि मग बराच वेळ फक्त शुभदाचा आवाज, लहान मुलाला झोपवताना काढतात तसा. डॉक्टर येईपर्यंत बाळदादा गेला होता. ध्वनिवाहक बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. संध्याकाळी घरात माणसं जमली, तेव्हा कुणीतरी ते बंद केलं, आणि वृषालीच्या कानांतलं घर एकदम मिटलं.

पंधरा दिवसांनी शुभदाचा फोन आला. वृषालीने आधी मनावरचं ओझं उतरवलं.

"मी थांबले होते शुभदाताई. चार श्वास. लगेच उठवायला हवं होतं."



"मी जागी असते तर पहिल्याच श्वासाला हलवून उठवलं असतं त्याला," शुभदा म्हणाली. "घाबरला असता तो. अचानक उठवलं की घाबरायचा. ते चार श्वास त्याला गाढ झोपेत मिळाले. तू मनाला लावून घेऊ नकोस गो." मग जरा थांबून, "पण मला झोप नाही. दुपारी नाही, रात्री नाही. डोळा लागतो आणि दचकून उठते. कान देऊन बसते. कशाला, ते माझं मलाच कळत नाही."

हुद्दारबाईंना ते कळत होतं. वृषालीने त्यांना गाठलं तेव्हा त्यांनी शुभदाचा आलेख समोर ठेवला. झोपेतही उजवी बाजू टक्क जागी.

"तिला कळलंय की भाऊ गेला. त्या अर्ध्या मेंदूला कुणी सांगायचं? तो अजून श्वास ऐकू येण्याची वाट बघतोय. श्वास येत नाही म्हणून आणखी ताणून ऐकतोय."

"मग मी राखण करते ना तिची."

"नियम असा आहे की घरी आजारी माणूस असला तरच जोडी. पट्टे मोजके आहेत, वाट बघणारे शेकडो. शुभदाताईंचा पट्टा परत घ्यायचाय. तुम्हाला नवीन जोडीदार देतोय." बाई जरा घुटमळल्या. "आणि वृषालीताई, रिकाम्या घराची राखण म्हणजे नेमकं काय करणार तुम्ही?"

"बसणार," वृषाली म्हणाली. "ऐकणार."

हुद्दारबाईंनी पट्टा परत घ्यायला महिनाभर उशीर करायचं कबूल केलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

नवीन जोडीदार नाशिकचा होता, आईची सेवा करणारा, सज्जन, मितभाषी. वृषालीला त्याच्या राखणीवर एक दिवसही झोप लागली नाही. कानामागचा स्पर्श नवखा होता, दार न वाजवता आत आलेल्या पाहुण्यासारखा. तिची अर्धी बाजू पुन्हा पहाऱ्यावर उभी राहिली. त्याच्या वाट्याची राखण सकाळी उरकून, तशाच दमलेल्या अंगाने तिने मंगळवारी दुपारी वेंगुर्ल्याची राखण सुरू केली.

रिकामं घर ऐकणं फार अवघड असतं, हे तिला तेव्हा कळलं. पंखा टकटकत होता, भारद्वाज घुमत होता, आणि मधोमध जिथे श्वास होता तिथे काहीच नव्हतं. धरून ठेवायला काही नसलं की लक्ष निसटतं. वीसेक मिनिटांत वृषालीची मान कलली. त्याच क्षणी वेंगुर्ल्यात कानामागचा स्पर्श तुटला आणि शुभदा ओरडून उठली. ती किंकाळी वृषालीच्या कानात इतकी जोरात घुसली की तिने पट्टा ओरबाडून काढला.

गुरुवारी पुन्हा तेच झालं. शनिवारी ती पट्टा हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसली आणि रडायला लागली. आवाज न करता रडायची तिला सवय झाली होती. पण हेमंतला ऐकू आलं.

"इकडे दे," तो म्हणाला.

"काय?"

"पट्टा. मला बांध."

"अहो, तुम्ही..."

"मी दिवसभर काय करतो?" शब्द एकेक करून येत होते, मध्ये श्वास घेत. "छताकडे बघतो. आणि ऐकतो. हात गेले माझे. कान आहेत."

वृषालीने त्याला तीन उशांचा टेकू देऊन नीट बसवलं आणि पट्टा बांधला. त्याचं कपाळ किती रुंद आहे, हे तिने किती दिवसांनी पाहिलं. शुभदाला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भावोजी बसणार? बरं. मग जरा बोलायला हवं आम्हाला."

ते पाव तास बोलले. हेमंतचं एक वाक्य पुरं व्हायला मिनिट लागायचं आणि शुभदा थांबायची. भाऊ कशाला हसायचा, ते तिने सांगितलं. त्याने बाळदादाचं गुणगुणणं कोणत्या पट्टीत असायचं ते विचारलं. तिला सांगता येईना, म्हणून तिने ते नाकातून काढून दाखवलं.

"काळी दोन," हेमंत म्हणाला. "किंचित उतरलेली."

दोन वाजले. शुभदा आडवी झाली. हेमंतने डोळे मिटले. वृषाली समोर बसून त्याच्याकडे बघत राहिली. मांडीवरचा उजवा हात नेहमीसारखा थरथरत होता, पण चेहरा स्थिर झाला होता. पेटी लावायला बसला की तो असाच व्हायचा. खोली, माणसं, भूक-तहान सगळं दूर जायचं आणि समोर फक्त आवाज उरायचा. आत्ता तो कुठे होता, ते तिला ठाऊक होतं. ती त्या घरात आठ महिने राहिली होती.

"पंख्याची वरची वाटी सैल आहे," बऱ्याच वेळाने तो कुजबुजला. "दर तिसऱ्या फेऱ्याला लागते."

मग पुन्हा शांत. मग, "समुद्र आत गेलाय. मघाशी जवळ होता."

तीनच्या सुमाराला हुद्दारबाईंचा निरोप पडद्यावर उमटला. शुभदाताईंचा पहारा उठला आहे, दोन्ही बाजू झोपल्या आहेत, राखणीचा इतका अखंड आलेख मी पाहिलेला नाही, राखायला कोण बसलंय? वृषालीने लिहिलं, आमचे हे. उत्तर यायला वेळ लागला. आजारी माणूस राखणीला बसवायचा, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, असं बाईंनी लिहिलं होतं. त्याखाली, सोमवारी मिरजेला येते, त्यांना भेटायचंय.

वृषालीने पडदा बंद केला. खोलीत दुपारचं पिवळसर ऊन पसरलं होतं. खिडकीतला गवती चहा वाऱ्याने हलला आणि त्याची सावली भिंतीवर पाण्यासारखी हलली. हेमंतच्या श्वासाला एक संथ चाल आली होती. तो जागा होता. पूर्ण जागा, तिच्यापेक्षाही जागा. रस्त्यावर एक सायकल गेली, तेव्हा त्याने मान अगदी थोडी तिकडे वळवली आणि पुन्हा सरळ केली. म्हणजे तो इथलंही ऐकत होता. दोन्ही घरं ऐकत होता.

ती भिंतीकडेच्या खाटेवर जरा पाठ टेकायला म्हणून गेली. पट्टा एकच होता आणि तो त्याच्या कपाळावर होता, त्यामुळे तिच्या कानामागे काही हलत नव्हतं. ती फक्त त्याचा श्वास ऐकत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ती अशीच पडायची आणि बाहेरच्या खोलीत तो सूर लावत बसलेला असायचा. एकच सूर पुन्हा पुन्हा, मनासारखा होईपर्यंत. तिच्या आत कुठेतरी, सहा वर्षं उभा असलेला कुणीतरी खाली बसला, मग आडवा झाला.

पावणेपाचला वेंगुर्ल्याच्या घरात पलंग करकरला. शुभदा उठली, तांब्यातलं पाणी प्यायली आणि दाराशी जाऊन उभी राहिली असावी, कारण गाज जरा मोठी झाली. "भावोजी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "उठले मी. तुम्ही दमला असाल. ती कुठे आहे?"

हेमंतने डोळे उघडले. वृषाली भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पाय पोटाशी घेऊन, एक हात खाटेच्या बाहेर लोंबता ठेवून. त्याच्या हालचालीने ती अर्धवट जागी झाली आणि उठायला लागली.

"शुभदाताई उठल्या," तो म्हणाला. "तू झोप अजून."